अद्भुताची ओढ आणि मराठी बालवाचक

चंदगड : ऑक्सफर्डमधील गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन यांनी ४ जुलै १८६२ रोजी नौकाविहार करताना तीन लहान बहिणींना एक गोष्ट सांगितली. सशाच्या बिळातून खाली पडत जाणाऱ्या मुलीची ती गोष्ट १८६५ मध्ये लुईस कॅरोल या टोपणनावाने पुस्तकरूपात आली आणि तेव्हापासून आजपर्यंत ती बाजारातून कधी नाहीशी झालेली नाही. त्यानंतर १९०० मध्ये ओझच्या जादूगाराची कथा, १९११ मध्ये पीटर पॅनची कादंबरी, १९३७ मध्ये टॉल्किनचे 'हॉबिट', १९५० पासून सी. एस. लुईसची नार्नियामाला आणि १९९७ मध्ये हॅरी पॉटर, अशी एक लांबलचक रांग उभी राहिली. या पुस्तकांच्या काळातील कितीतरी गंभीर, प्रतिष्ठित कादंबऱ्या आज केवळ अभ्यासक्रमात उरल्या आहेत. मुलांसाठी लिहिलेली ही 'खोटी' पुस्तके मात्र आजोबांकडून नातवाकडे जातात आणि नातूही ती वाचतो.

असे का व्हावे, हा प्रश्न पुण्या-मुंबईतील पुस्तकांच्या दालनात उभे राहून विचारला तर एक उत्तर येते आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला, चंदगडसारख्या तालुक्यात विचारला तर थोडे निराळे येते. सह्याद्रीच्या कुशीत वसलेला हा तालुका १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. जिल्ह्याचे ठिकाण असलेले कोल्हापूर येथून शंभराहून अधिक किलोमीटर, तर बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ. घरात बोलली जाते ती चंदगडी बोली, तिच्यावर एकीकडून कोकणीची आणि दुसरीकडून कानडीची छाया. शाळेतली पुस्तकी मराठी ही इथल्या मुलाला जवळची असली तरी शिकून घ्यावी लागणारी भाषा आहे. अशा मुलाच्या हाती पहिले जाड पुस्तक पडते तेव्हा ते त्याने शेवटपर्यंत वाचावे, असे त्या पुस्तकात काय असावे लागते? अद्भुतकथेच्या टिकाऊपणाचे रहस्य या प्रश्नात बरेचसे दडलेले आहे.

दार कोठे असते?

इंग्रजीतील अभिजात अद्भुत कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. त्यांना दार लागते. अ‍ॅलिसला बीळ, डोरोथीला चक्रीवादळ, लुईसच्या चार भावंडांना कपड्यांचे कपाट, हॅरीला रेल्वे फलाटाची भिंत. दाराच्या अलीकडे रोजचे नीरस जग आणि पलीकडे जादू, अशी ही वाटणी आहे. त्यातही अलीकडचे जग बहुधा दुःखाचे असते. नार्नियातील मुले दुसऱ्या महायुद्धातील हवाई हल्ल्यांमुळे लंडनबाहेर पाठवलेली असतात. हॅरी अनाथ, जिन्याखालच्या फडताळात झोपणारा. आईवडील जवळ नसणे ही या कथांची जणू पूर्वअट आहे. मोठी माणसे बाजूला झाल्याखेरीज लहान मुलाला निर्णय घेता येत नाही, आणि निर्णय घेतल्याखेरीज तो नायक होत नाही, हे या लेखकांनी नेमके ओळखले होते.

आपल्याकडील गोष्टीला असे दार फारसे लागत नाही. 'आटपाट नगर होते' हे तीन शब्द उच्चारले की श्रोता आत पोहोचलेला असतो. पंचतंत्रातला सिंह आणि कोल्हा बोलतात, त्याबद्दल कोणी आश्चर्य व्यक्त करीत नाही. वेताळ स्मशानातल्या झाडावर लटकतो आणि ते स्मशान राजाच्या राजधानीपासून पायी जाण्याच्या अंतरावर असते. जादू शेजारच्या रानात आहे, तिच्यासाठी जग बदलावे लागत नाही. चंदगडच्या मुलाला ही मांडणी अधिक ओळखीची वाटावी. रानात चकवा लागतो, माणूस रात्रभर त्याच त्या जागी फिरत राहतो, अशा हकिकती सह्याद्रीच्या पट्ट्यात घरोघरी सांगितल्या जातात. या तालुक्याच्या जंगलात गेल्या काही दशकांत कर्नाटकातून रानटी हत्ती येऊ लागले, तेव्हा पुस्तकातला हत्तीही उसाच्या फडात येऊन उभा राहिला. चिमणीचे मेणाचे घर टिकले आणि कावळ्याचे शेणाचे वाहून गेले, ही मराठी मुलाच्या वाट्याला येणारी पहिली गोष्ट. इथला पाऊस पाहिलेल्या मुलाला तीत काल्पनिक असे पक्ष्यांच्या बोलण्यापलीकडे काही उरत नाही.

तरीही दोन्ही परंपरांत एक समान सूत्र आहे आणि माझ्या मते टिकाऊपणाचे खरे कारण तेच आहे. चांगल्या अद्भुतकथेत काहीही घडू शकत नाही. तिथे नियम असतात आणि ते वास्तवातील नियमांपेक्षा कडक असतात. वेताळाचा नियम आठवून पाहा. राजा बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर जाणार. उत्तर ठाऊक असून तो गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होणार. प्रामाणिक आणि बुद्धिमान माणसाला या कोंडीतून सुटका नाही. हरायचे ते हुशारीमुळेच. दहा वर्षांच्या मुलाला ही मेख बरोबर समजते, कारण मोठ्यांच्या जगात त्याला रोज असेच नियम भेटतात, ज्यांचे कारण कोणी सांगत नाही. अ‍ॅलिसची दुसरी कादंबरी (१८७१) तर सबंध बुद्धिबळाच्या पटावर चालते. नियम पाळून संकटातून सुटण्याचा आनंद मुलाला शाळेतल्या नीतिपाठात क्वचितच मिळतो.

बोधाचे ओझे

मराठीत छापील पुस्तके आली तीच मुळी अद्भुताचे बोट धरून. सेरामपूरच्या मिशनने १८१४ मध्ये 'सिंहासन बत्तिशी' आणि पुढच्याच वर्षी 'पंचतंत्र' व 'हितोपदेश' छापले. पण ती पुस्तके मुलांच्या करमणुकीसाठी नव्हती. इंग्रज अधिकाऱ्यांना भाषा शिकवणे हा त्यामागील हेतू होता. मुलांसाठी म्हणून जे आले ते सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' आणि 'इसापनीति', दोन्ही १८२८ च्या सुमाराची. पहिले मूळ फ्रेंच पुस्तकाच्या इंग्रजी अवतारावरून घेतलेले. शहाणे मूल, चुकलेले मूल आणि शेवटी मिळणारा धडा, हा त्याचा साचा. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये सुरू केलेले 'बालबोध' मासिक आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे १९०६ पासूनचे 'आनंद' यांनी मराठी बालवाचक घडवला, त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र मुलाला काहीतरी 'मिळाले' पाहिजे, हा आग्रह पुढेही बराच काळ टिकून राहिला.

गंमत अशी, की 'अ‍ॅलिस' हे याच आग्रहाविरुद्धचे बंड होते. तिच्यातील बहुतेक कविता म्हणजे त्या काळी इंग्रज मुलांकडून पाठ करून घेतल्या जाणाऱ्या उपदेशपर कवितांची विडंबने आहेत. ज्या मुलाला मूळ कविता पाठ होती त्यालाच ती थट्टा कळे. त्यामुळे हे पुस्तक जगातील शंभराहून अधिक भाषांत गेले तरी प्रत्येक अनुवादकाची त्याने परीक्षा पाहिली. उंदीर आपली 'टेल' सांगू लागतो आणि अ‍ॅलिसला त्याची 'टेल' दिसते, ही शब्दचेष्टा मराठीत आणायची कशी? आपल्या 'गोष्टी'चा आणि 'शेपटी'चा काही संबंध नाही. भा. रा. भागवतांनी यावर उपाय काढला तो रूपांतराचा. त्यांची अ‍ॅलिस 'जाई' झाली आणि पुस्तकाचे नाव 'जाईची नवलकहाणी'. परक्या मुलीचे परके विनोद समजावून सांगण्यापेक्षा आपल्या मुलीला आपल्या भाषेत गोंधळू द्यावे, ही त्यांची भूमिका होती. शुद्ध अनुवादाचे पुरस्कर्ते याला नाके मुरडतील. बालवाचकाच्या बाजूने पाहिले तर भागवतांचेच बरोबर होते, असे म्हणावे लागते.

भास्कर रामचंद्र भागवत (१९१०–२००१) यांचे नाव आज 'फास्टर फेणे'शी जोडले गेले आहे. फुरसुंगीचा हा सायकलवीर दूरदर्शनच्या मालिकेतून आणि २०१७ च्या चित्रपटातून नव्या पिढीलाही भेटला. पण मराठी मुलांना दूरच्या, कल्पनेतल्या जगात नेण्याचे त्यांचे काम याहून मोठे आहे. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' अशा खणखणीत नावांनी त्यांनी मराठीत आणल्या. १९५१ मध्ये त्यांनी 'बालमित्र' नावाचे मासिक काढले, ते काही वर्षांतच आर्थिक कारणांनी बंद पडले. मुलांसाठी लिहिणाऱ्याने पदरमोड करावी, ही आपल्याकडची रीतच आहे.

कादंबरी का रोडावली?

इथे एक अवघड प्रश्न येतो. मराठीत मुलांसाठी लिहिलेली, स्वतंत्र, अस्सल अद्भुत कादंबरी बोटांवर मोजावी इतकीच का? कल्पकतेचा तुटवडा होता असे म्हणता येत नाही. मराठी कादंबरीचा आरंभच अद्भुतरम्य आहे: 'मुक्तामाला' १८६१ ची, 'मंजुघोषा' १८६८ ची. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणण्यास प्रारंभ केला आणि पुढे विष्णुशास्त्री व हरि कृष्ण दामले यांनी ते काम तडीस नेले. मराठी वाचक तेव्हा राक्षस, गुप्त भुयारे आणि उडत्या विमानांत रमलेला होता. १८८५ मध्ये हरि नारायण आपट्यांनी 'मधली स्थिती' लिहायला घेतली आणि वाङ्मयाने वास्तवाकडे वळण घेतले. ते वळण आवश्यकच होते. पण त्यानंतर अद्भुत म्हणजे पोरकट, हे समीकरण रूढ झाले. टॉल्किनने १९३९ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात इंग्रजीबद्दल हेच गाऱ्हाणे मांडले होते: मोठ्यांना नकोसे झालेले जुने सामान जसे मुलांच्या खोलीत टाकतात, तशा परीकथा मुलांकडे लोटल्या गेल्या. इंग्रजीत त्या खोलीतून पुढे टॉल्किन आणि लुईस निघाले. आपल्याकडे मात्र सामान तीन वेगवेगळ्या घरांत वाटले गेले.

पहिला वाटा इतिहासाने उचलला. नाथमाधवांची 'वीरधवल' (१९१३) ही मराठीतील बहुधा सर्वांत लोकप्रिय अद्भुतरम्य कादंबरी. पाठ्यपुस्तकाआड लपवून ती वाचल्याच्या आठवणी जुन्या पिढीने वारंवार सांगितल्या आहेत. त्याच नाथमाधवांनी नंतर शिवकालावर कादंबऱ्यांची माला लिहिली आणि वाचक तिकडे वळला. किल्ले, भुयारे, वेषांतर, कडा चढणारी घोरपड, हे सारे मराठी मुलाला शिवचरित्राच्या परिसरात आयते मिळाले. चंदगड तालुक्यातला पारगड हे याचे जिवंत उदाहरण. तानाजी मालुसऱ्यांचा मुलगा रायबा याच्याशी आपले नाते सांगणारी माणसे आजही त्या गडावर राहतात. ज्या मुलाच्या तालुक्यात असा गड आहे, त्याला काल्पनिक राज्याचा नकाशा काढण्याची निकड कशी भासावी? याच तालुक्यातल्या कोवाडचे रणजित देसाई यांनी 'स्वामी' (१९६२) आणि 'श्रीमान योगी' (१९६८) लिहिल्या. तेरा-चौदा वर्षांची मुले त्या कादंबऱ्या भारावून वाचतात, त्या ज्या भुकेपोटी, तीच भूक इंग्रज मुलाला टॉल्किनकडे नेते.

दुसरा वाटा रंगभूमीचा. सुधा करमरकर यांची 'लिट्ल थिएटर' ही संस्था १९५९ ची आणि तिच्या आरंभीच्या नाटकांत रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी'. पुढे मतकरींनी स्वतःच्या बालनाट्य संस्थेतून चेटकिणी, राक्षस आणि बोलणारी झाडे रंगमंचावर आणली. 'अलबत्या गलबत्या'तील चिंची चेटकीण एके काळी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली. २०१८ मध्ये वैभव मांगले यांनी ती पुन्हा उभी केली आणि नाट्यगृहे मुलांनी भरून गेली. मतकरी २०२० मध्ये निवर्तले, चेटकीण मात्र चांगली धडधाकट आहे. अडचण एवढीच, की नाटक शहरात होते. गाव-वस्तीवरच्या मुलापर्यंत पुस्तक पोहोचू शकते, फिरता रंगमंच आणि झाडूवरची चेटकीण सहसा पोहोचत नाही.

तिसरा वाटा विज्ञानकथेने घेतला. चमत्काराला शास्त्राचा परवाना मिळाला की मराठी पालक निश्चिंत होतो. कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपल्या आद्याक्षरांची उलटापालट करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि ती पहिली आली. परग्रह आणि कालप्रवास यांनी राक्षस आणि यक्षांची जागा घेतली. 'यक्षांची देणगी' या त्यांच्या कथासंग्रहाच्या नावात तर दोन्ही जगे एकत्र नांदताना दिसतात.

अंधश्रद्धेचे भय

पालक आणि शिक्षक यांच्या मनातील एक शंका टाळून पुढे जाता येणार नाही. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यामागे दीर्घ चळवळ आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे बलिदान आहे. ज्या समाजात भानामतीच्या संशयावरून माणसांचे जीव गेले, तिथे मुलांना चेटकिणीच्या गोष्टी द्याव्यात काय? ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बालशिक्षणाच्या क्षेत्रात ती फार आधीपासून आहे. मारिया माँटेसरी यांना अगदी लहान मुलांना कल्पित गोष्टी सांगणे पसंत नव्हते. मुलाला आधी खरे जग हाताळू द्यावे, असे त्यांचे मत. त्यांचीच पद्धत भारतात रुजवणाऱ्या भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी मात्र या एका बाबतीत वेगळी वाट धरली. लोककथा आणि अद्भुतकथा यांचा त्यांनी जोरदार पुरस्कार केला, गोष्ट कशी सांगावी याचे शास्त्र लिहिले. ताराबाई मोडक त्यांच्याच सहकारी. पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांत काम करताना ताराबाईंनी गाणी-गोष्टींना अंगणवाडीत मानाचे स्थान दिले.

मला वाटते, या वादात एक भेद नजरेआड होतो. अंधश्रद्धा माणसाला सांगते, की हे खरे आहे, प्रश्न विचारू नकोस. अद्भुतकथा पहिल्याच वाक्यात कबूल करते, की हे खरे नाही, आता प्रश्न विचार. वेताळ तर प्रत्येक गोष्टीच्या अखेरीस प्रश्नच विचारतो. मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९७६ च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की राक्षस आणि सावत्र आई यांच्या रूपाने मूल आपल्या मनातील भीतीला नाव देते. त्यांच्या काही निष्कर्षांवर नंतर बरीच टीका झाली. तरी भूत कागदावर आले की ते अंधारातल्या भुतापेक्षा लहान होते, हा अनुभव बहुतेक वाचकांच्या गाठीशी असेल.

चांदोबा मावळला तेव्हा

खेड्यापाड्यांतील मराठी मुलांना अद्भुत कादंबरी भेटली ती बहुतांशी 'चांदोबा'तून. मद्रासहून नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ मध्ये तेलुगू व तमिळमध्ये सुरू केलेल्या या मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ ची. दर महिन्याला क्रमशः कादंबरी, तीत मांत्रिक, जलराक्षस, गरुडमुखी माणसे आणि शंकर या चित्रकाराचा, तलवार उपसून खांद्यावर प्रेत वाहणारा विक्रम. मूळ वेताळकथा पंचवीस. मासिकाने ती चौकट कायम ठेवून नव्या नव्या गोष्टी रचून दशकानुदशके चालवली. १९९८ मध्ये प्रकाशन थांबले, वर्षभराने पुन्हा सुरू झाले, २००७ मध्ये मालकी मुंबईच्या एका संगणक कंपनीकडे गेली आणि २०१३ च्या सुमारास अंक येणे कायमचे बंद झाले. बसस्थानकावरच्या पुस्तकाच्या गाळ्यात टांगलेले ते रंगीत मुखपृष्ठ गेले, त्याची जागा दुसऱ्या कशाने भरून निघाली नाही.

दरम्यान भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने हॅरी पॉटर मराठीत आणला. पहिल्या भागाचे नाव ठेवले 'हॅरी पॉटर आणि परीस'. मूळ शीर्षकातील तत्त्वज्ञाच्या दगडाला 'परीस' हा शब्द सापडणे ही अनुवादाच्या इतिहासातली सुखद घटना मानावी लागेल. संतवाङ्मयापासून म्हणींपर्यंत ज्याचा वावर आहे असा शब्द मिळाल्यावर तळटीपेची गरज उरत नाही. शहरातील मराठी मुले हॅरीला बहुधा इंग्रजीतून वाचतात. मराठी आवृत्तीचा खरा वाचक तालुक्याच्या गावी आहे, आणि पुस्तकांची किंमत व जाडी पाहता तो ती विकत घेईल अशी अपेक्षा ठेवणे कठीण. त्याचा मार्ग ग्रंथालयातून जातो. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता, देशातील अशा कायद्यांत तो सर्वांत आधीचा; चंदगडला तेव्हा त्याचा लाभ नव्हता. १९६७ च्या राज्य कायद्यानंतर गावोगावी अनुदानित वाचनालये झाली. 'अ'पासून 'ड'पर्यंतच्या वर्गवारीत 'ड' वर्गाच्या वाट्याला येणाऱ्या तुटपुंज्या रकमेत वर्तमानपत्रे, दिवाळी अंक आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके घेतल्यावर बालविभागासाठी काय उरत असेल, याचा हिशेब फारसा अवघड नाही.

या पार्श्वभूमीवर दोन गोष्टींची नोंद करायला हवी. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे, १९७१ पासूनचे, जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य खुले करण्यात आले आहेत. ज्या गावात वाचनालय नाही पण भ्रमणध्वनी आहे, तिथल्या शिक्षकाला हा खजिना एका कळीच्या अंतरावर आहे.

दुसरी नोंद एका पुस्तकाची. चंदगडपासून फार दूर नसलेल्या बेळगावच्या परिसरात वाढलेले, एकसंब्याला जन्मलेले आणि धारवाडला इंग्रजी शिकवत आयुष्य काढलेले जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) हे मराठीतील सर्वांत गूढ आणि काळोखे कथाकार म्हणून ओळखले जातात. 'काजळमाया' लिहिणाऱ्या या लेखकाने १९८६ मध्ये, मृत्यूच्या वर्षभर आधी, 'बखर बिम्मची' नावाचे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. बिम्म हे अगदी लहान मूल. पशुपक्षी त्याच्याशी बोलतात आणि त्यात नवल वाटण्यासारखे काही आहे, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. पुस्तकाला बोध नाही, खलनायक नाही, जादूच्या जगात नेणारे दारही नाही. मोठ्यांनी ते मुलांचे म्हणून बाजूला ठेवले आणि बऱ्याच मुलांपर्यंत ते मोठ्यांचे लेखक म्हणून पोहोचलेच नाही. तरीही ज्यांच्या घरी ते आहे, त्यांच्याकडे त्याची प्रत बहुधा शिवण उसवलेली असते. सीमाभागातल्या मराठीतून उगवलेले हे पुस्तक चंदगडच्या एखाद्या शाळेत पाचवी-सहावीच्या वर्गात मोठ्याने वाचून पाहावे. रोज एक प्रकरण, पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे.